सेत्तिमिओच्या नवसाची टाइल

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी पावणेतीनच्या सुमारास, सेत्तिमिओ बर्नाक्किया हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा चित्रकार शेजारच्या दुइल्योच्या अंजिराच्या झाडावरून खाली पडला.

वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. पावणेतीनला देरुता या इटलीतल्या भांडी घडवणाऱ्या-रंगवणाऱ्यांच्या गावात कोणी जागे नसते. जेवणे आटोपलेली असतात, खिडक्यांच्या फळ्या ओढलेल्या असतात, भट्ट्यांपाशीसुद्धा चिटपाखरू नसते. अशा वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या झाडावर, दोन पुरुष उंचीच्या फांदीवर काय करत होता, याला एकच उत्तर होते. ते गल्लीला विचारावे लागले नाही.

दुइल्यो चाकावर भांडी घडवणारा. सेत्तिमिओसकट अर्ध्या गावातले चित्रकार त्याच्याकडूनच भांडी घेतात. अंजिरे पिकली की तो गल्लीतल्या घराघरात टोपली धाडतो, फक्त सेत्तिमिओचे घर सोडून. कारण जुने होते आणि दोघांनाही तोंडपाठ होते. कधीकाळी भर चौकात सेत्तिमिओ म्हणाला होता की भांडे म्हणजे नुसती भिंत. चित्र आहे म्हणून तिच्याकडे कोणी बघते तरी. त्यावर दुइल्यो म्हणाला होता, "मग माझ्या झाडाची अंजिरंही तू रंगवूनच खा." तेव्हापासून सेत्तिमिओ दर वर्षी कुंपणापलीकडून ते झाड बघत आला होता.

झाडाखालच्या सावलीत दुइल्योने त्याच सकाळी घडवलेल्या सुरया फळीवर वाळत ठेवल्या होत्या. सेत्तिमिओ पाठीवर पडला तो नेमका त्यांच्यावर. माती अजून लोण्यासारखी मऊ होती. सुरया चपट्या झाल्या, सेत्तिमिओ झाला नाही.

आवाज ऐकून सगळ्यात आधी पोचली ती त्याची मुलगी लोरेदाना. तिला दुपारी झोप लागत नाही; ती घराखालच्या कारखान्यात एकटीच एका थाळीची कड रंगवत बसली होती. कुंपण ओलांडून ती आली तेव्हा बाबा आकाशाकडे बघत चिखलात पडले होते आणि त्यांचा एक बूट फांदीला लटकत होता. दुइल्यो बनियनवरच बाहेर आला. त्याने आधी सुरयांकडे पाहिले, मग सेत्तिमिओकडे.

"जिवंत आहेस का रे?"

सेत्तिमिओने मान हलवली. बोलला नाही, कारण तोंडात घास होता.

"बघ बघ, अजून चघळतोय!" दुइल्यो ओरडला.

मग मात्र त्यानेच त्याला काखेत हात घालून उचलले, आपल्या तीनचाकी टेम्पोच्या मागे गादी टाकून निजवले आणि जवळच्या पेरुजा शहरातल्या दवाखान्यात नेले. सेत्तिमिओची बायको आस्सुंता टेम्पोच्या हौद्यात नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. वाटेत ओकच्या झाडातल्या माउलीचे चर्च लागले तेव्हा तिने टेम्पो न थांबवताच नवस बोलला, की हा धड राहिला तर तुझ्या भिंतीवर टाइल लावीन. दवाखान्यात हाडांचे फोटो काढले. उजवे मनगट मोडले होते. बाकी सगळे जागच्या जागी. डॉक्टरने प्लास्टर घातले आणि पाठीला चिकटलेल्या सुरईच्या कानाकडे बोट दाखवून विचारले, "हे काय?"

"हे माझं आहे," दुइल्यो म्हणाला आणि तो कान त्याने खिशात घातला.

*

माउलीच्या चर्चच्या भिंती अशा टाइलांनी भरल्या आहेत. शिडीवरून पडलेले, बैलाने उडवलेले, विहिरीत गेलेले, ट्रॅक्टरखाली सापडलेले, आणि प्रत्येक टाइलच्या वरच्या कोपऱ्यात ओकाच्या फांदीवर बाळाला घेऊन बसलेली माउली. शेकडो वर्षे देरुतातले लोक वाचत आले आहेत आणि देरुतातलेच चित्रकार त्यांचे वाचणे रंगवत आले आहेत. नियम एकच: जे घडले तेच काढायचे. माउली तिथे हजर होती. तिला वेगळे काय सांगणार?

गेली चाळीस वर्षे या गावातली बहुतेक पडझड सेत्तिमिओनेच रंगवली होती. पडणाऱ्या माणसाचा चेहरा काढावा तर त्याने, असे फादरसुद्धा म्हणत. आता त्याचाच हात प्लास्टरमध्ये होता. दुसऱ्या कारखान्यात काम द्यायचे म्हणजे नाचक्की. उरली लोरेदाना.

लोरेदाना एक्केचाळीस वर्षांची होती आणि पंधराव्या वर्षापासून बापाशेजारच्या स्टुलावर बसत होती. थाळ्यांच्या कडा ती काढायची: वेली, खवले, मोरपिसे, ज्वाळा. मधली माणसे बाबा काढायचे. "कड तुझी, माणसं माझी," असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. कारण ती डावखुरी होती. भांड्यावरचा पांढरा लेप भाजण्याआधी पिठासारखा असतो. तळहाताची कड लागली की निघून येतो, आणि एकदा ओढलेली रेघ दुरुस्त करता येत नाही. डाव्या हाताचा माणूस आपलेच काम पुसत पुढे जातो, असे बाबांचे मत होते. वर ते म्हणत, "उलट्या हातानं काढलेली माणसं उलटीच बघतात."

तिने त्यावर वाद घातला नव्हता. पण संध्याकाळी सगळे गेले की फुटक्या थाळीचा तुकडा लेपात बुडवायची, त्यावर एक चेहरा काढायची, थोडा वेळ बघायची आणि नळाखाली धुऊन टाकायची. गाठीवाल्या नाकाचा पोस्टमन, पेंगणारी मावशी, दाढ दुखणारा दुइल्यो. अशी तिने शेकडो माणसे धुतली होती. त्यातला एकही चेहरा आजवर आगीत गेला नव्हता. आगीतून तो कसा बाहेर येईल, हे तिलाही ठाऊक नव्हते.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला विषय निघाला.

"ऑलिव्हचं झाड काढ," सेत्तिमिओ डाव्या हाताने सूप पिण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "खाका आहे आपल्याकडे. ऑलिव्हवरून पडणारा माणूस. फडताळात वरच्या खणात."

"ऑलिव्ह?" आस्सुंताने चमचा खाली ठेवला. "सप्टेंबरात ऑलिव्हवर कोण चढतं रे?"

"छाटायला चढलो होतो म्हणावं."

"दुइल्योच्या अंगणात? त्याच्याकडे ऑलिव्हचं झुडूपसुद्धा नाही."

"माउलीला झाडाशी काय करायचंय? मी पडलो. वाचलो. झालं."

"माउलीला सगळ्याशी करायचंय. तिनंच धरलं तुला."

"मला सुरयांनी धरलं."

"मग सुरया काढायच्याच!" हे दुइल्यो म्हणाला. तो दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे. "सगळ्या. पंचवीस होत्या."

"काल वीस म्हणालास," आस्सुंता म्हणाली.

"काल धक्क्यात होतो, वहिनी. आणि मला पण काढ पोरी. मीच उचलला ना याला? बनियनवर नको पण. शर्ट घाल."

"तू बनियनवरच होतास," सेत्तिमिओ म्हणाला.

"आणि तू अंजीर खात होतास."

लोरेदानाने भाकरीसारखी जाड चपटी रोटी मोडली, तिच्यात चीज भरले आणि बाबांच्या डाव्या हातात दिली. ती एवढेच म्हणाली, "काढते मी."

"खाका घे," बाबा म्हणाले. "चेहरा मी बोलून सांगीन, तू नुसता हात चालव."

*

खाका म्हणजे सुईने भोके पाडलेला कागद. तो टाइलवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची की खाली ठिपक्याठिपक्यांचे चित्र उमटते. आगीत कोळसा जळतो, रेघ राहते. ऑलिव्हवरून पडणारा माणूस पणजोबांच्या वेळचा होता. तरुण, सडपातळ, केस नीट विंचरलेले. पडताना तो जणू प्रार्थनेलाच निघाला होता.

गुरुवारी सकाळी लोरेदानाने तो कागद फडताळातून काढला, उजेडात धरून पाहिला आणि परत ठेवून दिला. बाबा तेव्हा न्हाव्याकडे गेले होते. एका हाताने दाढी करता येत नव्हती.

तिने हात टेकायची लाकडी पट्टी मांडली, वाट्या मांडल्या. वाट्यांची मांडणी बाबांची आणि तिची उलटसुलट. बाबांच्या डावीकडे तांब्याचा हिरवा, उजवीकडे मँगनीजचा जांभळा. तिच्या डावीकडे जांभळा, उजवीकडे हिरवा. कच्चे असताना हे दोन्ही रंग सारखेच दिसतात, काजळ पाण्यात कालवावे तसे. कोणता कोणता ते आगीतच कळते. म्हणून या धंद्यातली माणसे रंग डोळ्यांनी ओळखत नाहीत, जागेवरून ओळखतात.

मग तिने कुंचला उचलला. आधी झाड. अंजिराचेच, हाताच्या पंजासारखी पाने गल्लीत दुसऱ्या कोणाची नसतात. मग फांदीला लटकलेला बूट. खाली फळी, फळीवर ओल्या सुरया, मावल्या तेवढ्या. कुंपणाशी दुइल्यो, बनियनवर. कोपऱ्यात माउली. सगळ्यात शेवटी बाबा.

ते हवेत होते. हात पसरलेले, पोट शर्टाबाहेर आलेले, एका पायात मोजा. चेहऱ्यापाशी तिचा हात थांबला. नळ चार पावलांवर होता, पण टाइल नळाखाली धरायची नव्हती. तिने भुवया ओढल्या. मग डोळे. डोळ्यांत भीती होती, पण तेवढीच नव्हती. इतकी वर्षे हवे असलेले फळ तोंडात असताना पडणाऱ्या माणसाचे ते डोळे होते. तोंड तिने अर्धे उघडे ठेवले. गाल फुगवायचा होता, तो जरा कमी फुगवला. आणि अंजिरे, जी त्या दिवशी चांगली पिकून काळीजांभळी झाली होती, तिने हिरव्या रंगाने काढली, म्हणजे भाजल्यावर पानांत हरवून जातील. बापासाठी एवढे करावे असे तिला वाटले. पण घडले ते लपवल्याचे तिला थोडे लागलेही.

संध्याकाळी बाबांनी टाइल पाहिली. चष्मा लावून, मग चष्मा काढून. चेहऱ्याविषयी ते काही बोलले नाहीत. बोलून सांगायला आता काही उरले नव्हते.

"पानांत हे गोळे कसले?"

"फळं."

"फार उठून दिसतात."

"कच्ची आहेत म्हणून, बाबा. भाजली की हिरव्यात हिरवं मिसळेल. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"खाका का नाही वापरलास?"

"तो माणूस तुमच्यासारखा दिसत नव्हता."

"माझ्यासारखा कशाला दिसायला हवा? माणूस असला की पुरे." ते दारापर्यंत गेले, वळले. "आणि तोंड उघडं का आहे?"

उत्तराची वाट न पाहता ते निघून गेले.

*

शुक्रवारी सकाळी भट्टी भरायला लोरेदाना खाली आली तेव्हा टाइल होती तिथेच होती, पण होती तशी नव्हती. प्रत्येक अंजिरावर एक पान काढलेले होते. निदान काढणाऱ्याला ते पान वाटत असावे. प्रत्यक्षात तो एकेक जाड, लडबडलेला, काळसर थेंब होता. डाव्या हाताने काम करायची सवय नसलेल्या माणसाचा. खालच्या कोपऱ्यातला लेप खरवडला गेला होता आणि तिथे प्लास्टरची बारीक पांढरी भुकटी पडली होती.

तिला आधी राग आला. तिच्या हातून आगीत जाणारा पहिला चेहरा, आणि त्यातही त्यांना बोटे घालायची होती. ती बाबांना हाक मारायला दारापर्यंत गेली.

मग तिची नजर वाट्यांकडे गेली. बाबा कुंचला धुवायला विसरले होते. तो वाटीत उभा होता. डावीकडच्या वाटीत.

लोरेदाना परत आली आणि स्टुलावर बसली. बाबांनी डावीकडे हात घातला होता, चाळीस वर्षे जिथे हिरवा असतो तिथे. म्हणजे अंजिरांवर पाने चढली नव्हती, जांभळा रंग चढला होता. लपवायला निघालेल्या माणसाने एकूणएक अंजीर पिकवून ठेवले होते.

ती एकटीच हसत सुटली. पट्टीवर डोके टेकवून हसली. आई वरून म्हणाली, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही, शिंक आली."

दोन वाटा होत्या. बाबांना सांगायचे, टाइल धुवायची आणि सगळे पहिल्यापासून काढायचे. पण तोच चेहरा दुसऱ्यांदा येत नाही, हे तिला त्या शेकडो तुकड्यांवरून पक्के माहीत होते. नाहीतर गप्प बसायचे. तिने कोपऱ्यातला खरवडलेला लेप बोटाने नीट केला, कुंचला धुतला आणि टाइल भट्टीत मधल्या फळीवर ठेवली, जिथे आग सगळ्यात सारखी लागते. मग दार लावले.

*

भट्टी उघडायला घाई केली तर थंड वारा लागून लेपाला तडे जातात; त्याचा टिणटिण आवाज येतो आणि या गावात तो आवाज कोणालाच आवडत नाही. रविवारी सकाळी, चर्चची पहिली घंटा होऊन गेल्यावर, दार उघडले. सेत्तिमिओ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, एक बाही प्लास्टरवर दुमडलेली. आस्सुंता होती. दुइल्योला कोणी बोलावले नव्हते; तोही होता.

लोरेदानाने जाड हातमोजे घालून टाइल बाहेर काढली आणि खिडकीखालच्या टेबलावर ठेवली.

पांढरे दुधासारखे पांढरे झाले होते. आकाश निळे. पाने हिरवीगार, आणि त्या पानांतून टम्म फुगलेली, काळपट जांभळी, आता फुटतील की मग फुटतील अशी अंजिरे लोंबत होती. ती इतकी मोठी होती की बाबांच्या आधी तीच दिसत.

दुइल्यो टेबलावर वाकला.

"अरे देवा," तो म्हणाला. "माझ्या झाडाला अशी कधी आली?"

आस्सुंताने क्रूसाची खूण केली आणि मग तिला हसू आवरेना. तिने पदर, म्हणजे एप्रनचे टोक, तोंडात धरले.

सेत्तिमिओ टाइलकडे बघत होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. हे चुकले आहे असे म्हणावे तर कोणाचे चुकले, हे सांगावे लागणार होते. त्याने मान न वळवता टेबलाच्या टोकाकडे, वाट्यांकडे पाहिले. एक, मग दुसरी. बराच वेळ.

"तुझ्या वाट्या उलट्या असतात," तो हळूच म्हणाला.

"पंधराव्या वर्षापासून, बाबा."

"वाट्यांचं काय?" आस्सुंताने विचारले.

"काही नाही," दोघेही एकदम म्हणाले.

"मी तुला काय सांगितलं होतं, सेत्तिमिओ?" दुइल्यो टाचा उंचावत होता. "चौकात, आठवतं? म्हटलं होतं, रंगवून खा. घे! रंगवून घेतलीस एकदाची!"

सेत्तिमिओने मुलीकडे पाहिले. ती अगदी गंभीर चेहऱ्याने हातमोजे काढत होती. इतक्या गंभीर की त्याला सगळे कळले. हिला माहीत होते. भट्टी लावायच्या आधीच माहीत होते.

त्याच्या छातीतून आधी एक बारीक आवाज निघाला, खोकल्यासारखा. मग पोट हलायला लागले. मग तो खुर्चीवर बसला आणि प्लास्टरचा हात मांडीवर आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. दुइल्यो हसला, कारण त्याला वाटले आपण जिंकलो. आस्सुंता सगळे हसत होते म्हणून आणखीच हसली.

डोळे पुसून सेत्तिमिओने टाइल जवळ ओढली. आता त्याने चष्मा लावला आणि अंजिरे सोडून खाली पाहिले.

लोरेदानाने हातमोजे बाजूला ठेवले. तिने अजून स्वतःही नीट पाहिले नव्हते. तीही वाकली.

आगीने रेघ जराशी मऊ केली होती, एवढेच. भुवया होत्या तिथेच होत्या. डोळे ओले दिसत होते. हवेतला तो म्हातारा घाबरला होता, लाजला होता आणि त्याच वेळी फार खूश होता, आणि तो दुसरा कोणी असूच शकत नव्हता.

"नाक मोठं केलंस," सेत्तिमिओ म्हणाला.

"आहे तसंच केलंय."

त्याने डाव्या हाताने नाक चाचपले. "हं."

"गाल अजून फुगवायचा," दुइल्यो खांद्यावरून डोकावत म्हणाला. "तोंडात घास होता ना."

"हो," सेत्तिमिओ म्हणाला. "अजून फुगवायला हवा होता. भिऊन कमी केलास तू."

लोरेदाना बापाकडे बघत राहिली. माणसांच्या कामाबद्दल ते तिला आजवर एक शब्द बोलले नव्हते. आज त्यांनी चूक दाखवली होती, आणि ती खरीच होती.

*

पुढच्या रविवारी टाइल चर्चमध्ये लागली. वर जागा नव्हती. खाली, बाकाच्या पाठीशी, गुडघे टेकले की बरोबर डोळ्यांसमोर येते अशा ठिकाणी लावली. प्रार्थनेला वाकणारा माणूस हसू दाबत, खांदे हलवतच उठतो, अशी फादरची तक्रार होती. ती करताना त्यांनाही हसू येत होते. दुइल्योने सुरया मोजल्या. नऊच दिसत होत्या.

"चाळीस होत्या," तो बाहेर पायऱ्यांवर सगळ्यांना सांगत होता. "बाकीच्या याच्या पाठीखाली आहेत म्हणून दिसत नाहीत."

त्याने येताना एक टोपली आणली होती. वर अंजिराची पाने झाकलेली. त्याने ती सेत्तिमिओच्या हातात दिली नाही, पायरीवर त्याच्या शेजारी ठेवली आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "झाडाला फार भार झालाय. फांद्या मोडतात. माणसंही चढतात वर."

सेत्तिमिओने एक उचलून खाल्ले. "टाइलवरची जास्त पिकलेली आहेत."

"टाइलवरची भांड्यावर आहेत. भांडं कोणाचं?"

"टाइलला भांडं म्हणतात होय?"

त्यांचे असेच चालू राहिले. तेवढ्यात वरच्या आळीतली क्लेलिया लंगडत आली. तिला ऑगस्टमध्ये तिच्याच बोकडाने जिन्यावरून ढकलले होते. पायाची पट्टी कालच सुटली होती. तिलाही नवस फेडायचा होता.

"सेत्तिमिओ, अशीच हवी मला," ती म्हणाली. "बोकड पण असाच हवा, ओळखू येणारा. तो असाच तिरका बघतो. कोण काढेल चेहरे? तू, की ही?"

लोरेदाना दोन पायऱ्या खाली उभी होती. आईने धरलेली प्रार्थनेची पुस्तके ती पिशवीत भरत होती. तिचा हात पिशवीतच थांबला.

सेत्तिमिओने अंजिराचे देठ लांब फेकले. "आधी माझा हात मोकळा होऊ दे," तो म्हणाला. "मग बघू."

हात ऑक्टोबरात मोकळा झाला. मनगट बारीक आणि पांढरे निघाले होते, पण बोटे चालत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सेत्तिमिओ कारखान्यात आला, स्टूल ओढले आणि क्लेलियाची टाइल पुढ्यात घेतली. लोरेदाना शेजारी बसून एका मोठ्या थाळीवर खवले काढत होती. तिने मान वर केली नाही.

त्याने कडेपासून सुरुवात केली. वेल. आधी एक बाजू, मग टाइल फिरवून दुसरी. इतक्या वर्षांत बापाला कड काढताना तिने पाहिले नव्हते. पाने जरा जाड येत होती. एकदा त्याने विचारले, "इथं वळण कसं घेतेस तू?" तिने दाखवले. पुढचे वळण बरे आले.

दुपारी आस्सुंताने वरून जेवायला हाक मारली तेव्हा तीन बाजू झाल्या होत्या. चौथी कोरी होती. मधला पांढरा चौकोन, जिथे क्लेलिया, जिना आणि बोकड यायचे आहेत, तोही कोरा होता. सेत्तिमिओने कुंचला धुतला, टाइल सरकवून दोन्ही स्टुलांच्या मधोमध ठेवली आणि वर गेला.

मधले कोण काढणार, हे त्याने सांगितलेले नाही. लोरेदानानेही विचारलेले नाही. चेहऱ्याच्या रेघांचा तपकिरी रंग मात्र तिने सकाळीच घोटून ठेवला आहे, आणि जेवायला जाताना वाळू नये म्हणून वाटीवर ओले फडके टाकले आहे.